तुमचे प्रश्न, आमची उत्तरं: या वेळी फक्त निळूभाऊ

मागच्या अंकात एका उत्तरात मी सहज लिहून गेलो की "निळू फुले म्हणजे मराठीतला सगळ्यात मोठा खलनायक", आणि पुढचे तीन आठवडे पत्रं, मेल, व्हॉट्सअ‍ॅप नुसता पाऊस. काहींनी प्रेमाने कान धरला, काहींनी सरळ झापलं. म्हणून या वेळचं सदर त्यांनाच देऊन टाकतोय. बाकीचे प्रश्न (मोतीबिंदूवाले काका, घरभाडे करारवाल्या ताई) पुढच्या अंकात, प्लीज राग मानू नका.

प्रश्न: तुम्ही निळूभाऊंना खलनायक म्हणून मोकळे झालात. ते चरित्र अभिनेते होते. फरक कळतो का तुम्हाला? (बार्शीहून एक वाचक)

कळतो हो, आणि चूक मान्य. पण माझी चूक कुठून आली ते सांगतो म्हणजे थोडी माफी मिळेल.

आमच्याकडे टीव्ही आला तेव्हा शनिवारी संध्याकाळी दूरदर्शनवर मराठी सिनेमा लागायचा आणि आमची आज्जी, जी एरवी टीव्हीकडे पाठ करून शेंगा सोलत बसायची, ती निळूभाऊ पडद्यावर आले की वळायची. हातातली शेंग तशीच. आणि मग सुरू, "आला बघा मुडदा बशिवलेला, आता त्या पोरीचं काय खरं न्हाई". अजून तर त्या माणसाने काही केलेलं पण नसायचं! नुसता ओसरीवर बसून सुपारी कातरत असायचा. तर लहानपणी असं डोक्यात गेलेलं निघत नाही लवकर.

आता फरकाचं. खलनायक हा कथेतला खड्डा असतो, नायकाने उडी मारून पार जायला ठेवलेला. चरित्र अभिनेता माणूस उभा करतो, त्याचं गाव, त्याचा धंदा, तो कुणाला भितो आणि कोण त्याला भितं, हे सगळं त्याच्या बसण्या-उठण्यात दिसतं. निळूभाऊंनी वाईट माणसं पुष्कळ केली पण त्यातला सावकार वेगळा, सरपंच वेगळा, चेअरमन वेगळा, आणि हे "सगळे सारखेच" वाटतात ते आपण नकला बघून बघून. कुठल्याही गॅदरिंगमधे एक पोरगा उठतो, टोपी तिरकी करतो, आवाज घोगरा करतो आणि ते "बाई, वाड्यावर या" वाक्य टाकतो की हशा. चाळीस वर्षांचं काम एका वाक्यात कोंबलंय आपण. मी पण त्यातलाच, म्हणून तर तसं लिहून गेलो.

प्रश्न: निळूभाऊ आधी माळी होते हे खरं का? आमच्या ग्रुपवर यावरून वाद झालाय. (चिंचवडहून, तिघांनी मिळून)

खरं आहे, पैज लावली असेल तर वसूल करा. मूळ नाव नीळकंठ कृष्णाजी फुले, पुण्याचे. घरची परिस्थिती बेताची. सतराव्या वर्षी पुण्यातल्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजच्या बागेत माळी म्हणून लागले. पगार महिन्याला ८० रुपये आणि त्यातले १० रुपये ते राष्ट्र सेवा दल या समाजवादी संघटनेला द्यायचे. म्हणजे आठवा हिस्सा! आपण पगारातला आठवा हिस्सा एसआयपीत टाकताना सुद्धा तीनदा विचार करतो. स्वतःची नर्सरी काढायची त्यांची इच्छा होती, भांडवल नव्हतं म्हणून राहिलं.

मला या माळीकामाचं फार महत्त्व वाटतं, आणि ते "गरिबीतून वर आले" छाप कौतुक म्हणून नाही. मिलिटरीच्या कॉलेजातला माळी म्हणजे काय, तर साहेब लोक समोरून जातात आणि त्यांना तुम्ही दिसतच नाही. तुम्ही वाफ्यात उकिडवे बसलेले, आणि वर बोलणी चालू असतात, कुणाची बदली, कुणाची चमचेगिरी, कोण कुणाशी कसा वाकून बोलतो. सत्तेतला माणूस बघायची सगळ्यात चांगली जागा खालची असते. पुढे त्यांनी जे सत्ताधारी उभे केले ते वर बसून पाहिलेले नाहीत, वाफ्यातून पाहिलेत असं मला नेहमी वाटत आलंय. हा माझा तर्क, पटला तर घ्या.

प्रश्न: मग माळ्याचा नट झाला कसा? कुठे ट्रेनिंग घेतलं का? (परभणीहून एक कॉलेज विद्यार्थिनी)

एनएसडी (राष्ट्रीय नाट्य विद्यालय) वगैरे काही नाही. ट्रेनिंग म्हणजे सेवा दलाचं कलापथक. हे कलापथक प्रकरण आताच्या मुलांना सांगावं लागतं: समाजवादी विचारांची तरुण मंडळी गावोगाव जाऊन गाणी, नाच, लोकनाट्य करायची, करमणूक पण आणि प्रचार पण, मानधन असलंच तर जेवण. १९५७ च्या निवडणुकीच्या वेळी, संयुक्त महाराष्ट्राचं वातावरण तापलेलं असताना, निळूभाऊंनी "येरा गबाळ्याचे काम नोहे" नावाचा वग (तमाशातला गोष्टीचा, नाट्याचा भाग) स्वतः लिहिला. म्हणजे आधी लेखक बरं का. मग पु. ल. देशपांड्यांच्या "पुढारी पाहिजे"मधला रोंगे केला आणि लोकांना नाव कळलं, आणि त्यानंतर "कथा अकलेच्या कांद्याची", ज्याने धुमाकूळ घातला.

वगनाट्यात नटाला काय शिकायला मिळतं ते बघ. आधी गण (गणपतीचं स्तवन), मग गवळण (कृष्ण-गवळणींचा खेळ), मग बतावणी, मग वग. बतावणीत पाठांतर थोडं आणि हजरजबाबीपणा जास्त, समोरच्याने काय फेकलं ते झेलून परत फेकायचं, काल ज्या गावात खेळ झाला तिथला सरपंच आज आपल्या वाक्यात यायला पाहिजे, आणि प्रेक्षक जर कंटाळला तर तो उठून जात नाही, तो बोलतो, तुमच्यापेक्षा मोठ्याने बोलतो. असल्या प्रेक्षकापुढे वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या माणसाला कॅमेऱ्याचं कसलं आलंय टेन्शन. त्यांच्याबरोबर राम नगरकर पण याच मुशीतले, तेही सेवा दलाचे, आणि दोघांचं टायमिंग म्हणजे काय विचारू नकोस.

सिनेमा आला १९६८ मधे, अनंत मान्यांचा "एक गाव बारा भानगडी", त्यातले झेलेअण्णा. तेव्हा वय सदतीस-अडतीस.

प्रश्न: माझं वय ३८, बँकेत आहे, हौशी रंगभूमीवर काम करतो. दिसायला साधा त्यामुळे नेहमी काका, मामा, इन्स्पेक्टर. आता उशीर झालाय का? खरं सांगा. (सातारहून, नाव छापू नका)

नाव छापलं नाही. वरचं उत्तर वाचलंत ना? तुमच्याच वयाला निळूभाऊंचा पहिला सिनेमा. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन, १९६९ मधे चाळिशी ओलांडल्यावर पूर्णवेळ नाटकात उतरले आणि पुढच्याच वर्षी "नटसम्राट". अमरीश पुरी २१ वर्षं कर्मचारी राज्य विमा महामंडळात नोकरीला, दिवसा फायली आणि संध्याकाळी नाट्यदिग्दर्शक सत्यदेव दुब्यांच्या तालमी, संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना १९७९ ला मिळाला तो रंगभूमीसाठी, "मिस्टर इंडिया"तला मोगॅम्बो तर अजून आठ वर्षं लांब होता.

पण थांबा, लगेच राजीनामा लिहू नका. ही तिन्ही नावं सांगताना लोक एक गोष्ट गाळतात, हे कुणीच "उशिरा सुरू" केलेले नाहीत. नोकरी चालू असताना पंधरा-वीस वर्षं नाटक चालूच होतं. उशिरा फक्त पैसे आले. तुम्ही काका-मामा करताय म्हणजे सुरुवात झालेलीच आहे. बँक सोडू नका, गृहकर्ज असेल तर अजिबातच नाही.

प्रश्न: राज्य नाट्य स्पर्धेसाठी नाटक बसवतोय, त्यात मला खलपुरुषाची भूमिका आहे. दिग्दर्शक म्हणतो अजून ओरड, अजून डोळे मोठे कर. निळूभाऊ असं काही करायचे का? (जळगावहून)

नाही. आणि हे तुमच्या दिग्दर्शकाला दाखवा हवं तर.

निळूभाऊंचा आवाज मुळात खर्जातला, थोडा घोगरा, आणि राग जसा वाढत जाईल तसा तो खाली खाली जातो. वाक्याचा शेवट तर कधी कधी ओठातच राहतो. मग काय होतं, की समोरच्या पात्राला पुढे वाकून ऐकावं लागतं. वाकणं! ज्याच्याकडे सत्ता आहे त्याने आवाज कशाला चढवायचा, ऐकणं ही समोरच्याची गरज आहे. ओरडतो तो ज्याची सत्ता जायला लागलीय तो. तुमच्या आजूबाजूला बघा ना, ऑफिसमधला खरा वजनदार माणूस ओरडतो का? तो म्हणतो, "बघू", आणि तुमची रात्रीची झोप जाते.

दुसरं, हात. त्यांना हातात काहीतरी लागतं, सिगरेट, काडी, अडकित्ता, धोतराचा सोगा. समोरचा माणूस गयावया करतोय आणि हे काडी पेटवतात, सिगरेट लावतात, काडी हलवून विझवतात, ती टाकायला जागा शोधतात, आणि मगच वर बघतात. तेवढा वेळ तो बिचारा लटकलेला. नीट बघितलं तर लक्षात येईल की त्यांनी काहीच केलेलं नाही, फक्त वाट बघायला लावलंय. स्टेजवर हे अवघड आहे मान्य, तिथे शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं असतं, पण थांबणं शेवटच्या रांगेला पण कळतं. तालमीत एकदा करून बघा, तुमची सगळी वाक्यं अर्ध्या आवाजात, आणि प्रत्येक वाक्याआधी एक काम हाताला. दिग्दर्शक चिडला तर माझं नाव सांगा.

तिसरं राहिलं. त्यांचा वाईट माणूस स्वतःला वाईट समजतच नाही. यावर पुढच्या प्रश्नात येतो, कारण तिथे "सामना" आहे.

प्रश्न: "सामना" मुलाला दाखवला, त्याला प्रश्न पडला की हिंदुराव वाईट आहे का चांगला? मला पण नीट उत्तर देता आलं नाही. (कराडहून एक शिक्षिका)

ताई, तुमचा मुलगा हुशार आहे.

थोडं मागे जावं लागेल. त्या आधीच्या तमाशापटातला दुष्ट म्हणजे पाटील, इनामदार, सावकार. त्याची सत्ता जमिनीची आणि बापजाद्यांची. पण खऱ्या गावात तोवर चित्र बदललेलं होतं. १९५०-५१ ला नगर जिल्ह्यात प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी सहकारी साखर कारखाना सुरू करून दाखवला आणि त्या वाटेने मग पश्चिम महाराष्ट्रात कारखाने उभे राहात गेले, १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, बँका, दूध संघ, शिक्षण संस्था. चांगलंच झालं, उसाला भाव मिळाला, पोरं शिकली, आम्ही पण त्यातलेच. पण त्याबरोबर एक नवीन माणूस तयार झाला, ज्याचं नाव चेअरमन. त्याच्याकडे वाडा असो नसो, जीप आहे. तो सावकारासारखा व्याज घेत नाही, तो नोकरी देतो. आणि जो नोकरी देतो त्याच्याविरुद्ध बोलायचं कुणी?

हा माणूस पडद्यावर पहिल्यांदा नीट आणला तो "सामना"ने. लेखन विजय तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं (पहिलाच सिनेमा), निर्माते रामदास फुटाणे. १९७५ ला बर्लिनच्या महोत्सवात गेला. गोष्ट एवढीच, की एक दारुडा, फाटका मास्तर (डॉ. लागू) गावात येऊन पडतो आणि चेअरमन हिंदुराव धोंडे पाटील (निळूभाऊ) त्याला घरी आणतो, खायला-प्यायला घालतो, आपलं साम्राज्य फिरवून दाखवतो, आणि मास्तराच्या कानावर कुठून तरी एक नाव पडतं आणि मग त्याचा एकच प्रश्न, "मारुती कांबळेचं काय झालं?"

हिंदुराव कारखाना दाखवतो ना, तिथे निळूभाऊंकडे बघा. तो माणूस खोटं बोलत नाहीये. त्याला खरंच अभिमान आहे. इथे माळ होता, मी हे उभं केलं, ही माझी लेकरं. दुसरा नट असता तर डोळ्यात एक लबाड झाक आणली असती, प्रेक्षकाला इशारा की "बघा हं, हा आतून वाईट आहे". निळूभाऊ तो इशारा देतच नाहीत. त्यामुळे आपण मास्तराबरोबर खातो-पितो, आपल्याला पण पाटील आवडायला लागतो, आणि मग मारुती कांबळेचं नाव आलं की आपलीच पंचाईत, कारण कारखाना पण खरा आणि मारुती कांबळे पण खरा. तुमच्या मुलाला सांगा की हिंदुरावने कारखाना उभा केला आणि हिंदुरावने माणूस संपवला, आणि ही दोन वाक्यं जोडायला "पण" वापरायचा का "म्हणून", ते त्याने ठरवायचं. दहावीच्या पेपरात असले प्रश्न येत नाहीत, यायला पाहिजेत.

(एक सांगायचं राहिलं. लागू आणि फुले एकमेकांसमोर बसलेत ते प्रसंग नाटकवाल्यांनी पाठ करावेत. एक बोलतो तेव्हा दुसरा गप्प राहून खेळतो. दोघांनी एकमेकांना जागा दिलीय.)

प्रश्न: "सखाराम बाइंडर"मधे निळू फुले होते ना? आमचे वडील सांगायचे की त्या नाटकावर बंदी आली होती. नेमकं काय? (नागपूरहून)

हो, सखाराम म्हणजे निळू फुलेच. १९७२, तेंडुलकरांचं नाटक, दिग्दर्शन कमलाकर सारंग, चंपाच्या भूमिकेत लालन सारंग, लक्ष्मीच्या भूमिकेत कुसुम कुलकर्णी. सखाराम बाइंडिंगच्या कामावर असतो, लग्न या प्रकारावर विश्वास नाही, नवऱ्याने टाकलेल्या बायका घरी आणतो, आल्याबरोबर त्यांना घरचे नियम सांगतो, आणि पटलं नाही तर दार उघडं आहे म्हणतो. हे स्टेजवर उघड उघड बोलल्यावर गदारोळ होणारच होता. सेन्सॉरने ढीगभर कट सांगितले, सारंग कोर्टात गेले, हायकोर्टात लढले आणि नाटक परत उभं राहिलं.

पण वादातच अडकलं की काम राहून जातं बघायचं. सखाराम मृदंग वाजवतो, हे लक्षात आहे? शिव्या देणारा, मारणारा, पिणारा माणूस आणि संध्याकाळी मृदंग काढून बसतो. आता हा मृदंग नुसती शोभा म्हणून ठेवता येतो, पण मग सखाराम नुसता जनावर होतो. मृदंगावर त्याचा खरोखर जीव आहे असं वाटलं तरच लक्ष्मी तिथे का राहते ते कळतं, आणि शेवटी जे होतं त्याने माणूस हादरतो. कलापथकातून ढोलकीच्या तालावर वाढलेला नट या भूमिकेला मिळाला हे तेंडुलकरांचं नशीब म्हणा. आणि ग्रामीण वगातला माणूस प्रायोगिक नाटकाच्या प्रेक्षकापुढे उभा राहिला, तो पण भाषा सोवळी न करता, हे त्या काळात सोपं नव्हतं.

रंगभूमीवरचं आणखी एक काम ज्याचा कुणी उल्लेख करत नाही ते जयवंत दळवींचं "सूर्यास्त", त्यातले अप्पाजी. जुना स्वातंत्र्यसैनिक बाप आणि मुलगा मुख्यमंत्री. जन्मभर सत्ता भोगणारी माणसं केलेल्या नटाने इथे सत्तेपुढे हात टेकलेला म्हातारा केला.

प्रश्न: त्यांना एकूण पुरस्कार किती मिळाले? (कोल्हापूरहून, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा)

परीक्षेसाठी: संगीत नाटक अकादमी पुरस्कार, १९९१. राज्य शासनाचे चित्रपट पुरस्कारही आहेत. निधन १३ जुलै २००९, पुणे. यापेक्षा जास्त आयोग विचारणार नाही.

प्रश्न: अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात ते होते असं ऐकलंय. नट लोक फोटोपुरते असतात तसं की खरंच? (लातूरहून)

खरंच. डॉ. दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीबरोबर ते उभे राहिले, आणि सामाजिक कृतज्ञता निधी नावाचा उपक्रम होता, म्हणजे पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा थोडं मानधन मिळावं म्हणून निधी, तर तो जमवायला डॉ. लागू, निळूभाऊ आणि बऱ्याच नामवंत नटांनी मिळून अत्र्यांचं "लग्नाची बेडी" गावोगाव केलं. १० रुपये देणारा माळीच तो, रक्कम वाढली एवढंच.

गंमत बघा, पडद्यावर गावाला नाडणारा माणूस गावात भाषणाला आला की बायका लांबूनच बघायच्या, जवळ यायला घाबरायच्या. त्याला ते पोचपावती समजायचे.

प्रश्न: न्यू जर्सीला असतो, मुलांना मराठी जेमतेम कळतं. निळू फुले दाखवायचे तर सुरुवात कशाने करू?

मुलांना हिंदी कळत असेल तर "सारांश" (१९८४, महेश भट). अनुपम खेर आणि रोहिणी हट्टंगडींच्या म्हाताऱ्या जोडप्याला छळणारा पुढारी गजानन चित्रे, तो निळू फुल्यांचा. हिंदी सिनेमात पक्का मराठी पुढारी! अमिताभबरोबरचा "कुली" पण आहे पण तिथे त्यांना काय करायला मिळालंय, जाऊ दे. मग सबटायटल मिळाले तर "सामना", आणि मग "सिंहासन". "पिंजरा", "सोंगाड्या", "जैत रे जैत" यात पण आहेत, ते नंतर सावकाश. "एक गाव बारा भानगडी" मात्र एकट्याने बघा, त्यातल्या निम्म्या बोलीचं भाषांतर करता करता तुमचाच मूड जाईल.

प्रश्न: "सिंहासन"मधला दिगू टिपणीस त्यांनी कसा काय केला? बाकीच्या कामापेक्षा इतका वेगळा. (ठाण्याहून, निवृत्त पत्रकार)

सर, तुम्ही पत्रकार, तुम्हाला मी काय सांगणार. तरी.

१९७९, परत जब्बार पटेल आणि तेंडुलकर, अरुण साधूंच्या "सिंहासन" आणि "मुंबई दिनांक" या दोन कादंबऱ्यांवरून. मुख्यमंत्र्याच्या भूमिकेत अरुण सरनाईक, अर्थमंत्र्याच्या भूमिकेत डॉ. लागू. आणि ज्या माणसाला आख्ख्या महाराष्ट्राने खुर्चीवर बसलेलं पाहिलंय त्याला इथे दिलंय काय, तर खुर्च्यांच्या आसपास फिरणारा रिपोर्टर. त्याला हुकूम सोडायचे नाहीत, कट करायचे नाहीत, पूर्ण सिनेमाभर तो फक्त ऐकतो. याच्याकडे जातो, त्याच्याकडे जातो, सगळे त्याला सगळं सांगतात, आणि त्याला सगळं कळत असून काही छापता येत नाही. ऐकणारा चेहरा अडीच तास बघत राहावासा वाटणं, ही नटाची परीक्षा. तिथे मला परत तो वाफ्यात बसलेला पोरगा दिसतो, वर साहेब लोकांची बोलणी चाललीयत आणि हा खाली माती सारखी करतोय.

"सिंहासन" आमच्याकडे टीव्हीवर लागला तेव्हा आज्जी नेहमीसारखी वळून बसली, शेंगांचं सूप मांडीवर. म्हणाली आता ह्यो काय करतोय बघू. अर्धा तास झाला, एक तास झाला, निळूभाऊ काही वाईट करेचनात. आज्जी अस्वस्थ. मधेच मला विचारलं, "आरं, ह्यो त्योच न्हवं?" म्हटलं तोच. शेवटी मंत्रिमंडळाचं सगळं जमून जातं, माणसं तीच, खुर्च्या तेवढ्या बदललेल्या, आणि दिगू रस्त्यावर वेड्यासारखा हसत सुटतो. आज्जीने सूप खाली ठेवलं. त्या दिवशी पहिल्यांदा तिने त्यांना शिवी दिली नाही, नुसतं म्हणाली, "ह्येचं कुणी हाय का न्हाई घरात?"